पुण्याकडे पाठ करून

“नागपूर ते पुणे, विमानाले किती वेळ लागते?” असं विचारत कोणी माझ्या दुकानात शिरलं की मी आधी पंखा त्याच्याकडे वळवते, पाणी देते आणि मग विचारते, “कोणतं उत्तर देऊ? कागदावरचं, खरं, की तुमचं?”

वाशीमच्या बस स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स आणि विमान. पाटीवर मात्र नुसतंच विमान आहे, कारण पेंटरला रेल्वेचे डबे काढायचा कंटाळा आला होता. त्या चित्रामुळे मी पंचक्रोशीत ‘विमानवाल्या ताई’ झाले आणि स्वतः विमानात बसायच्या कितीतरी आधी लोकांना विमान करून दाखवू लागले. करून दाखवू लागले म्हणजे अक्षरशः. पहिल्यांदा जाणाऱ्या आजीबाईंना मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवते, त्यांच्याच पदराचा पट्टा पोटावर आवळते, खुर्ची मागून तिरकी करते आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला दरवर्षी राक्षसीण करायचे. तो गळा असा कामाला आला. शेजारचा रसवंतीवाला गिऱ्हाइकांना सांगतो, “बसा, आत्ता उडालं एक. उतरलं की ताई मोकळ्या होतीन.”

तर तीन उत्तरं. कागदावरचं उत्तर म्हणजे तिकिटावर छापलेलं, सव्वा ते दीड तास. खरं उत्तर त्याहून कमी असतं, आणि ते मला मालेगावच्या एका गुरुजींनी भांडून शिकवलं. पुण्याहून परतल्यावर ते तावातावाने आले. पायलटने म्हणे माइकवर सांगितलं की आपण तासाभरात पोहोचू, आणि तिकिटावर तर दीड तास. “उरलेला वेळ कुठं गेला? कोणी खाल्ला?” मी त्यांना समजावलं की विमानाचं दार लागून ते जागेवरून हललं की तिकिटावरचं घड्याळ सुरू होतं आणि पुण्याला ते जागेवर उभं राहिलं की थांबतं. मध्ये ते रांगेत थांबतं, धावपट्टीपर्यंत रांगतं, उतरायला जागा नसेल तर वर घिरट्या घालतं. गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. “म्हणजे वरातीसारखं. घोड्यावर बसल्यापासून मोजायचं, ते मांडवात उतरेपर्यंत.” मी म्हटलं, “नाचणारे धरून.” तेव्हापासून मी हे उत्तर असंच देते आणि श्रेय गुरुजींना देत नाही.

तिसरं उत्तर, ‘तुमचं’, म्हणजे तुमच्या दारापासून पुण्यातल्या दारापर्यंतचं, हे कोणालाच आवडत नाही. रिसोडकडच्या एका गृहस्थांनी पुण्याच्या साडूला फोन केला होता, “दीड तासाचं विमान आहे, सकाळी निघतो आन् नाश्त्याले येतो.” साडूच्या बायकोने पोहे केले. हे पोहोचले दिवेलागणीला. तिने तेच पोहे पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, “नाश्ता करून घ्या, मग जेवायला बसू.” ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. जसं काही वाशीम नागपूरपासून मीच लांब ढकललंय.

आमच्या जिल्ह्याला विमानतळ नाही असं म्हणवत नाही. आम्हाला चार आहेत. नागपूर, संभाजीनगर, नांदेड आणि आता अमरावती. गंमत एवढीच की जो जवळ आहे तिथून हवं त्या दिवशी विमान नसतं, आणि जिथून रोज विमान आहे तो हवा तितका लांब असतो. त्यामुळे माझं खरं काम तिकीट काढणं नव्हेच. ते आता कोणीही मोबाइलवर काढतो. घराच्या उंबऱ्यापासून विमानाच्या पायरीपर्यंत माणूस पोहोचवणं हे माझं काम. आणि त्या कामाची एक गोष्ट मला सांगायची आहे, जी मी दुकानात कधी करून दाखवत नाही.

किन्हीराजाला दिनकर म्हणून भाजीवाला आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो, मोटरसायकलला दोन्हीकडे पोती बांधून बाजाराला आणतो. त्याची बायको वंदना. पस्तिशीच्या आतली, बारीक, तोंडाने फटकळ. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस चालायचं. घरातल्या कोणाची किडनी तिला जुळली नाही. तिचा भाऊ पुण्यात कामाला, म्हणून तिथल्या एका दवाखान्यात तिचं नाव यादीत घातलं होतं. कोणी माणूस जाता जाता किडनी देऊन गेला आणि यादीत आपला नंबर आला, की फोन येतो, आणि फोन आला की पोहोचायचं. पुण्याच्या फेऱ्यांची त्यांची तिकिटं मीच काढायची, म्हणून माझी ओळख.

एका सोमवारी सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होते. दिनकरचा फोन आला.

“ताई, किडनी आली.”

“कुठं आली?”

“पुण्यात.”

पाहुणे आले असं सांगावं तसं तो म्हणाला. मला हसू यायच्या आत त्याच्या आवाजातला कंप ऐकू आला. दवाखान्यातल्या मॅडमचा फोन आला होता. संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा, पोटात अन्नपाणी काही घेऊ नका.

उदबत्ती माझ्या हातातच राहिली. मी हिशेब मांडला. किन्हीराजाहून पुणे, थेट रस्त्याने, समृद्धी महामार्ग धरला तरी आठ-नऊ तास, पुढे पुण्याच्या तोंडाशी ट्रॅफिक लागलं तर देवच जाणे. म्हणजे सहा वाजता पोहोचलो तर पोहोचलो. शिवाय वंदनाला त्या दिवसांत धाप लागायची, एवढा वेळ गाडीत तिचं काय होईल सांगता येत नव्हतं. नांदेडहून त्या दिवशी विमान नव्हतं, संभाजीनगर, अमरावतीहूनही नव्हतं. नागपूरहून दुपारचं होतं. शेलूबाजारला समृद्धीवर चढलं की तीन तासांच्या आत नागपूर. मग दीड तास विमान. सगळं जुळलं तर चार वाजता पुणे.

सगळं जुळलं तर. रस्त्याचा वेळ रबराचा असतो, ताणला जातो पण हातात राहतो. विमानाचा वेळ काचेचा. पाच मिनिटं उशीर झाला तर पाच मिनिटं उशिरा पोहोचत नाही, पोहोचतच नाही. मी ती काच निवडली. तिकिटं काढली, शेलूबाजारच्या शकीलभाईंना गाडी घेऊन किन्हीराजाला पाठवलं आणि दिनकरला फोन लावला. फोन उचलला त्याच्या आईने.

बायजाबाई म्हणजे सत्तरीची, नऊवारीतली, गावातल्या कोणालाही न घाबरणारी बाई.

“कावो बाई, पुण्याले जायाचं तं पोट्टे नागपूरकडं कायले चालले?”

“मावशी, विमान तिकडून आहे.”

“पुणे मावळतीले हाये ना?”

“हो.”

“आन् नागपूर उगवतीले.”

“हो मावशी.”

“मंग पुण्याकडं पाठ करून पुण्याले जाऊन राह्यले काय थे? आन् आज सोमवार हाये. सोमवारी उगवतीकडं पाय काढत नाहीत. मी नाही जाऊ देत.”

मागे शकीलभाईंच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. दिशाशूळ! सोमवारी पूर्वेला जायचं नाही, हे आमच्याकडे जुन्या माणसांच्या रक्तात असतं. या वेळी विज्ञान सांगणं म्हणजे विमान घालवणं. मी माझा राक्षसिणीचा आवाज काढला. “मावशी, सोमवारचा उतारा काय असते?”

“आरसा पाहून निघा लागते,” त्या म्हणाल्या.

“मंग दाखवा ना सुनेले आरसा!”

“थे तं मी रोजच दाखवतो,” बायजाबाईंनी टोला हाणला. त्याही परिस्थितीत. मग धावपळ ऐकू आली, कोणीतरी भिंतीवरचा आरसा काढला. मी ओरडले, “दही देऊ नका हातावर! आरसाच फक्त! तिच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही!” सांगितलं नसतं तर दहीसाखरेची वाटी तयारच होती, हे मला नंतर कळलं.

गाडी निघाली. वंदनाने मला फोन केला. “ताई, मी आरशात पाह्यलं. लय दिवसानं पाह्यलं. पार बुढी झाली ना मी.”

“गप्प बस आणि डोळे मीट,” मी म्हटलं.

साधारण तासाभराने दुकानासमोर एक जीप थांबली आणि तिच्यातून बायजाबाई उतरल्या. हातात पिशवी नाही, काही नाही. आल्या आणि ज्या खुर्चीला मी विमान करते तिच्यात बसल्या. “फोन तुह्याकडंच येतीन ना सगळे? मंग मी घरी कोणाचं तोंड पाहू?”

आणि फोन येऊ लागले. आधी पुण्याच्या मॅडमचा, दिनकरने त्यांना माझा नंबर दिला होता. पेशंट कसे पोहोचतात यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. आवाजावरून तिशीतली मुलगी, अतिशय स्वच्छ बोलणारी. पुण्याशी बोलताना मी जीभ इस्त्री करून घेते. मी त्यांना विमानाची वेळ सांगितली. आजारी माणसाला काउंटरवर अडवतात, म्हणून दवाखान्याचं पत्र मागून घेतलं, त्यांनी लगेच पाठवलं. मग त्या म्हणाल्या, “ताई, एक सांगून ठेवते. यादीत यांच्या मागे अजून एक पेशंट आहे. साताऱ्याच्या पुढचा मुलगा आहे. त्यालाही उपाशी राहून तयार बसायला सांगितलंय. वंदनाताई वेळेत येणार नसतील तर मला त्याला बोलवावं लागेल.”

मी “बरं” म्हटलं. बायजाबाईंनी विचारलं, “काय म्हणते?” मी म्हटलं, “लवकर या म्हणते.”

मग शकीलभाई. “ताई, टेन्शन मत लो, समृद्धीवरच आहे. आता रस्ता आपला.” मग बराच वेळ काही नाही. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांची तिकिटं काढत होते, पण एकाचं मुंबईचं तिकीट मनमाडपर्यंतच काढलं. पुन्हा फोन, या वेळी दिनकर. वंदनाला उलट्या होत होत्या. गाडी बाजूला घेतली होती.

“किती वेळ झाला थांबून?”

“थोडासाच.”

‘थोडासाच’ हा आमच्याकडे वेळ मोजायचा शब्द नाही, धीर द्यायचा शब्द आहे. मी शकीलभाईंना फोन द्यायला सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, वीस-पच्चीस मिनट हो गये. भाभी से उठा नहीं जा रहा.”

काउंटर बंद व्हायची वेळ मला पाठ होती. मी म्हटलं, “उचलून बसवा. पुढच्या उलट्या पिशवीत.” असं बोलायला मला फार वाईट वाटलं.

गाडी पुन्हा निघाली आणि थोड्या वेळाने पुण्याच्या मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

“ताई, आत्ताच दिनकररावांशी बोलले. पोहोचले ते एअरपोर्टला. फार बरं वाटलं. मग मी त्या मुलाला बोलवत नाही हं. लांबून आणायचं, दिवसभर उपाशी ठेवायचं आणि परत पाठवायचं, हे मला नाही जमत. मागे एकदा केलंय, त्या आईचं तोंड अजून आठवतं.”

मी म्हटलं, “पोहोचले? असं म्हणाला तो?”

“हो. मी विचारलं, पोहोचलात का? ते म्हणाले, हो मॅडम, पोचून राह्यलो.”

मी खुर्चीतून उठले. आमचं वऱ्हाडी न येणाऱ्यांना हे कळायचं नाही. ‘पोचून राह्यलो’ म्हणजे पोहोचलो नव्हे. पोहोचतोय. चाललंय. पुणेकराच्या कानाला वाटतं, पोहोचला आणि तिथे राहिला. आमचा माणूस तेव्हा वर्ध्याच्या आसपास असतो.

आता बघा, मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. दिनकर खोटं बोलला नव्हता. मॅडमनी चुकीचं ऐकलं होतं. गाडी वेगात होती, विमान मिळायची शक्यता होती. मी ‘हो का, छान’ म्हटलं असतं की तो साताऱ्याकडचा मुलगा घरी जेवायला बसला असता आणि वंदनाच्या वाटेत कोणी उरलं नसतं. समोर बायजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आणि वंदनाचं विमान चुकलं असतं, तर? मग तो मुलगा साताऱ्याच्या पुढून निघणार कधी, पोहोचणार कधी? किडनी काय थांबते का कोणासाठी?

“मॅडम,” मी म्हटलं, “ते पोहोचले नाहीत. पोचून राह्यले.”

“तेच म्हणतेय ना मी.”

“नाही. आमच्याकडे जेवून राह्यलो म्हणजे घास अजून तोंडात आहे. झोपून राह्यलो म्हणजे डोळा लागायचाय. ते अजून रस्त्यावर आहेत. मध्ये तिला उलट्या झाल्या.”

मग एकदम कामाचा, कोरडा आवाज. “विमान मिळेल?”

“काठावर आहे.”

“मग मी त्याला निघायला सांगते, ताई. माझा नाइलाज आहे.”

फोन ठेवला. बायजाबाईंना पुण्याचं शुद्ध मराठी बेताचंच कळायचं, पण माझी बाजू त्यांनी ऐकली होती. मग दिनकरचा फोन. मॅडमनी त्याला कळवलं होतं.

“ताई, तुमी काहून सांगतलं?”

“दिनकर, तू आधी नागपूर गाठ.”

“आता थो दुसरा येऊन राह्यला ना तिकून! चूप राह्यल्या असत्या तं काय बिघडलं असतं तुमचं? तुमची कोण हाये वंदना? कोणीच नाही ना?”

त्याच्या मागून वंदनाचा दमलेला आवाज आला, “अहो, ठेवा ना फोन. ताईले रडवता काय.” मी रडत नव्हते. आधी नव्हते.

पुढचा अर्धा-पाऊण तास मी सांगू शकत नाही, कारण मला तो नीट आठवत नाही. मी विमान कंपनीच्या नागपूरच्या माणसाला फोन लावत होते, विनवत होते, व्हीलचेअर दारात उभी ठेवा म्हणत होते. त्याने ठेवली. काउंटर बंद होता होता ते आत शिरले. शेवटी दिनकरचा एका ओळीचा फोन आला. “बसलो. वंदनाले खिडकी भेटली.” आभार नाहीत, राग नाही, काही नाही.

मी मोबाइलवर ते विमान लावून ठेवलं. हल्ली ते दिसतं, नकाशावर छोटंसं पिवळं विमान सरकत असतं. बायजाबाईंनी डोळे बारीक केले. “हे आत्ता कुठी हाये?”

मी बघितलं आणि मला सांगवेना. नागपूरहून पुण्याला सरळ रेघ मारली की ती आमच्याच डोक्यावरून जाते. “इथंच, मावशी. आपल्यावरून.”

त्या उठून दुकानाबाहेर गेल्या. मीही गेले. रस्त्यावर ऑटो, मोटरसायकली, बस स्टँडची गर्दी. वर भगभगीत ऊन. काही दिसलं नाही. बायजाबाईंनी कपाळावर आडवा हात धरला होता. “मंग सकाळून तिले एवढं कायले फिरवलं?” त्या म्हणाल्या. “इथूनच जाऊन राह्यली तं इथंच घेतलं असतं वर.”

विमान पुण्याजवळ गेलं आणि नकाशावर गोल फिरू लागलं. एक गोल. दुसरा. उतरायला जागा नव्हती. गुरुजींना मी हे किती मजेत सांगितलं होतं. बायजाबाई स्क्रीनवर बोट ठेवून बसल्या, जणू बोटाने ते खाली ढकलता येईल. शेवटी ते उतरलं.

पाचनंतर वंदनाचा फोन आला. दवाखान्यातून. सहाच्या आत पोहोचली होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“ताई, थो पोट्टा माह्या बाजूलेच बसेल हाये.”

“कोण?”

“साताऱ्याचा. बावीस-तेवीसचा असंन. त्याची माय संग हाये. त्याले बी पाणी नाही, मले बी नाही. आमी दोघं तिकडच्या कूलरकडं पाहून राह्यलो.” ती हसली. “त्याची माय मले म्हणते, तुमचा नंबर पहिला हाये ना, ताई? म्या हो म्हनलं. मंग तिनं माह्या पाठीवरून हात फिरवला. काहून फिरवला असंन?”

मला काय माहीत काहून.

आता शेवट सांगते. डॉक्टरांनी वंदनाला तपासलं. छातीत पाणी साठलं होतं, अंगात ताप होता. आजच्या आज तिला भूल देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. किडनी त्या मुलाला मिळाली.

दिनकरचा फोन आला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. “ताई, त्या पोट्ट्याले आत नेलं.” मग म्हणाला, “तुमी सांगतलं नसतं तं...” आणि पुढे त्याला काही सुचलं नाही. ते वाक्य मी नंतर कित्येकदा पुरं करायला बसले. नसतं सांगितलं, तरी वंदनाला मिळाली नसती. हे खरं. पण तिला गाडीत तीन तास हिंदकळवून, मग ढगात गोल गोल फिरवून नेलं नसतं, सरळ रस्त्याने मागच्या सीटवर झोपवून नेलं असतं, तर? डॉक्टर म्हणाले, पाणी एका दिवसात साठत नाही. मी त्यांचं ऐकते. दुपारी दुकानात कोणी नसलं की नाही ऐकत.

बायजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मंग आता तिनं पाणी पेलं काय?” एवढंच विचारलं. दिनकर म्हणाला, घोटभर पेली. त्या उठल्या, पदर झटकला आणि किन्हीराजाच्या गाडीला गेल्या.

पुढे काही आठवडे दिनकर माझ्या दुकानावरून भाजीची पोती घेऊन जायचा, पण मान सरळ ठेवून. मग एका सकाळी गाडी उभी केली, आत आला आणि ज्या खुर्चीत त्याची आई बसली होती तिच्यात न बसता उभ्यानेच बोलला. वंदनाच्या छातीतलं पाणी ओसरलं होतं, ती पुन्हा यादीत होती. तिच्या भावाने दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी खोली बघितली होती. हा तिथे मंडईत भाजीच्या गाळ्यावर काम करणार होता. “दोघायचे काढा, ताई. ट्रॅव्हल्सचे.”

“परतीचं?”

“परतीचं नाही.”

तिकीट घेताना तो म्हणाला, “तुमच्यावर राग होता. अजून हाये थोडा.”

“राहू दे,” मी म्हटलं. “तिकीट निघते रागातही.”

वांग्यांची वाडी आता बायजाबाई एकट्या बघतात, एक गडी लावून. परवा बाजाराच्या दिवशी दुकानात आल्या. मी नेमकी सकाळचं माझं काम करत होते. गेले काही महिने दुकान उघडलं की मी सगळ्यात आधी त्या दिवशीच्या नागपूर–पुणे विमानात किती जागा शिल्लक आहेत ते बघते. कोणी मागितलेलं नसतं.

“आता कायले पाह्यतं?” त्या म्हणाल्या. “थे तं तिथंच राह्यतात आता. दवाखाना हाकेवर हाये म्हणे.”

“त्यांच्यासाठी नाही, मावशी. तुमच्यासाठी. फोन आला की तुम्हाला जायचं नाही का? ऑपरेशनच्या वेळी कोण आहे तिच्याजवळ?”

“मी?” बायजाबाई एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की रसवंतीवाल्याने वळून बघितलं. “माह्यानं नाही होत व बाई. मंग वांगे कोण तोडीन?”

असं म्हणून त्यांनी कमरेची पिशवी सोडली, घडी घालून घालून मऊ झालेलं आधार कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“नाव नीट लिहिजो,” त्या म्हणाल्या आणि बाजाराला निघून गेल्या.